सजदा, मेंदू आणि मनाचा आजार

“नमाज पढ, सगळं ठीक होईल.” बारामती-इंदापूरच्या आपल्या मोहल्ल्यांत हे वाक्य किती वेळा उच्चारले जाते, याची मोजदाद नाही. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या मुलाला ते ऐकवले जाते. बाळंतपणानंतर कारण नसताना रडणाऱ्या सुनेला ऐकवले जाते. डाळिंबावर तेल्या पडला, सोसायटीचा हप्ता थकला आणि जो कर्ता माणूस घरातल्या घरात गप्प झाला, त्यालाही तेच ऐकवले जाते. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. ऐकणारा कधी त्या वाक्याने सावरतो, तर कधी आणखी खचतो. कारण नमाज तो पढतच असतो आणि तरीही काही ठीक होत नसते.

हा लेख या दोघांसाठी आहे. नमाज, दुआ आणि जिक्र यांनी मेंदूत काय घडते, याचा अभ्यास गेल्या पंचवीस वर्षांत जगात बराच झाला. त्यातून हाती आलेले आम्ही येथे साध्या भाषेत मांडत आहोत. जेथे ते संपते आणि डॉक्टरांचे काम सुरू होते, ती रेषाही तितक्याच स्पष्टपणे दाखवत आहोत.

यंत्राला काय दिसले?

मेंदूच्या पेशी अतिशय सूक्ष्म विद्युत लहरींनी एकमेकींशी बोलतात. डोक्याला छोट्या चकत्या चिकटवून या लहरी टिपतात, त्या तपासणीला ईईजी म्हणतात. फिट येणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना ही तपासणी ठाऊक असते. माणूस जागा आहे पण निवांत आहे, अशा वेळी ‘अल्फा’ नावाच्या, सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा उठणाऱ्या लहरी वाढतात.

मलेशियातील मलाया विद्यापीठाच्या संशोधकांनी ९ मुसलमानांची अशी तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. या ९ जणांनी चाश्तच्या चार रकाती पढल्या. सजद्याच्या अवस्थेत त्यांच्या मेंदूच्या माथ्याकडील व मागील भागात अल्फा लहरी, नुसते बसून राहण्याच्या तुलनेत, वाढलेल्या आढळल्या. २०१४ साली याच विद्यापीठाचा ३० पुरुषांवरील अभ्यास आला. त्यात मेंदूबरोबर हृदयाच्या ठोक्यांचीही नोंद होती. आपल्या शरीरात मज्जातंतूंच्या दोन व्यवस्था असतात, एक धावपळीची आणि दुसरी विसाव्याची. नमाजच्या वेळी विसाव्याच्या व्यवस्थेचा जोर वाढला आणि धावपळीच्या व्यवस्थेचा ओसरला, असे त्या नोंदींवरून दिसले.

पहिल्या अभ्यासातील एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्याच ९ जणांना काहीही न म्हणता फक्त नमाजच्या हालचाली करायला सांगितल्या, तेव्हाही अल्फा लहरी तेवढ्याच होत्या. खऱ्या नमाजमध्ये आणि नुसत्या हालचालींमध्ये यंत्राला फरक सापडला नाही. यावरून कोणी नमाज म्हणजे कवायत आहे असे म्हणेल, तर ते चूक ठरेल. ही शांती म्हणजेच ईमानचा पुरावा, असे म्हणणेही चूक ठरेल. संथपणे उभे राहणे, वाकणे, कपाळ टेकणे यांनी शरीर शांत होते, एवढेच या मोजमापातून कळते. नीयत मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही.

अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू न्यूबर्ग यांनी वेगळ्या मार्गाने शोध घेतला. शिरेतून अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य देऊन मेंदूच्या कोणत्या भागाकडे रक्त अधिक जाते, याची चित्रे ते घेतात. तिबेटी ध्यान करणारे साधक आणि ख्रिस्ती जोगिणी यांच्या प्रार्थनेत कपाळामागचा, म्हणजे लक्ष एकाग्र करणारा भाग अधिक कामाला लागलेला त्यांना दिसला. २०१५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तल्लीन होऊन इस्लामी प्रार्थना करणाऱ्या तिघांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात उलट चित्र होते. तल्लीनता वाढली तसा कपाळामागच्या भागाचा जोर कमी झाला. ‘मी करतो आहे’ ही जाणीव सैल होऊन स्वतःला सोपवून देण्याची अवस्था येते, तिच्याशी संशोधकांनी याचा संबंध जोडला. इस्लाम या शब्दातच समर्पणाचा अर्थ असल्याने वाचकांना हे भावेल. पण ते तीनच माणसांचे चित्र आहे. त्यावर मोठी इमारत उभी करू नये.

दुआविषयी डेन्मार्कमधील एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००९ साली ऊफे श्योट आणि सहकाऱ्यांनी २० श्रद्धाळू ख्रिस्ती तरुणांच्या मेंदूची चित्रे घेतली. पाठ असलेली प्रार्थना म्हणताना जे दिसले, त्याहून स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलताना दिसलेले चित्र वेगळे होते. समोरच्या माणसाच्या मनाचा अंदाज घेत आपण गप्पा मारतो, तेव्हा जे भाग जागे होतात, तेच भाग तेव्हा जागे झाले. सांताक्लॉजकडे खेळणी मागताना तसे झाले नाही. म्हणजे श्रद्धाळू माणसाचा मेंदू दुआ मागताना कोणाशी तरी खरेच बोलत असतो. एकटेपणाने पोखरलेल्या माणसाला ही गोष्ट किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको. म्हणून नमाजनंतर हात उचलाल, तेव्हा पाठ दुआंबरोबर दोन वाक्ये आपल्या घरच्या बोलीतही बोला. ती मराठी असो वा दखनी.

श्वास, तसबीह आणि दिवसाचा आराखडा

इटलीतील डॉ. लुचानो बर्नार्डी यांनी २००१ साली २३ जणांच्या श्वासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ख्रिस्ती माळेवरील लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी मंत्र, दोन्हींच्या संथ पठणाने श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब एका लयीत आले. या संशोधकांनी एक ऐतिहासिक टिपणही जोडले. माळ युरोपात धर्मयुद्धांच्या काळात अरबांकडून गेली आणि अरबांकडे ती तिबेट व हिंदुस्थानातील साधकांकडून आली असावी, असे त्यांनी लिहिले आहे.

या प्रयोगात कुरआनचे पठण नव्हते. परंतु तजवीदने, जेथे थांबायचे तेथे थांबून आणि मद ओढून तिलावत करणाऱ्याचा श्वास आपोआप लांबतो, हे कोणीही स्वतः पडताळून पाहू शकतो. दर आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्या दारावरून जाते. टाळाच्या ठेक्यावर नाम घेत वीस-वीस किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याच्या चेहऱ्यावरची शांती आपण पाहिलेली आहे. शरीर अल्लाहने सर्वांना सारखेच दिले आहे. संथ नामस्मरणाला ते सारखाच प्रतिसाद देते, हे मान्य करण्यात आपल्या श्रद्धेचे काही कमी होत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. उदास माणसाचा पहिला आधार तुटतो तो दिवसाच्या घडीचा. झोप, जेवण, अंघोळ, कशालाच वेळ उरत नाही. पाच नमाजा दिवसाला पाच खुंट्या ठोकून देतात. फजरला उठणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळचा उजेड लवकर पडतो. मेंदूतील झोप-जागेचे घड्याळ त्या उजेडावरच लागते. मात्र हे घड्याळ दोन्ही टोकांनी सांभाळावे लागते. आपल्या भागात शेतपंपाची वीज अनेकदा रात्री येते आणि कालव्याचे आवर्तन असले की रात्रभर पाणी धरावे लागते. साखर कारखान्यात आणि एमआयडीसीत पाळ्या फिरत असतात. अशा माणसाने दिवसा झोप भरून काढली, तर तो आळस नव्हे. ज्याला अशी अडचण नाही, त्याने इशानंतर मोबाईल बाजूला ठेवावा. इशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) आवडत नसे, हे हदीसमध्ये आलेच आहे.

तिसरी गोष्ट जमातीची. अमेरिकेतील सुमारे ९० हजार परिचारिकांवर दीर्घकाळ चाललेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा तरी प्रार्थनास्थळी जाणाऱ्या महिलांमध्ये आत्महत्येचे प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे पाचपट कमी होते. त्या महिला बहुतांशी ख्रिस्ती होत्या. तसेच हा संबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. तरी खांद्याला खांदा लावून उभे राहण्यात, दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी विचारण्यात मोठे संरक्षण आहे, हे त्यातून उमगते. आपल्याकडील अनेक मशिदींत महिलांसाठी जागा नसते, म्हणून हे संरक्षण निम्म्या समाजाला मिळत नाही. पुण्यातील एका दांपत्याने २०१९ साली याविषयी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. महिलांना मशिदीत नमाज पढण्यास धर्माची मनाई नाही, असे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही २०२० साली न्यायालयात सांगितले. मशिदीत जागा होईल तेव्हा होवो, तोवर मोहल्ल्यातील बायकांचे आठवड्याला एक इज्तिमा, एक दर्स तरी असावा.

मोबाईलवर फिरणारे दावे

सजद्यात डोके खाली गेल्याने मेंदूला जादा रक्त मिळते आणि नैराश्य बरे होते; कपाळ जमिनीला लागले की शरीरातील वीज जमिनीत उतरते; असे संदेश दर जुम्म्याला येतात. पहिल्या दाव्याबाबत सांगायचे तर, आपण वाकलो किंवा उभे राहिलो तरी मेंदू आपला रक्तपुरवठा जवळपास एकसारखा राखतो. तशी व्यवस्था अल्लाहने त्यात बसवलेली आहे, नाहीतर प्रत्येक वेळी उठताना आपल्याला घेरी आली असती. दुसऱ्या दाव्याला कोणताही आधार नाही.

असे संदेश पुढे पाठवणाऱ्याला वाटते, आपण दीनची सेवा करतो. उद्या कोणी त्यांतील एक खोटा ठरवला, तर तरुण मुलगा नमाजवरच शंका घेईल. आपण नमाज पढतो ती फर्ज आहे म्हणून, अल्लाहसाठी. मनाला मिळणारी शांती ही तिची बरकत आहे, तिची किंमत नव्हे. सहा अमेरिकी रुग्णालयांतील १,८०२ हृदयरुग्णांवरील एक अभ्यास २००६ साली आला. त्यांच्यातील काहींसाठी ख्रिस्ती प्रार्थना-गटांनी प्रार्थना केल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासात त्याने फरक पडला नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना खात्रीने सांगितले होते, त्यांच्यात त्रासाचे प्रमाण ५९ टक्के होते, तर इतरांत ५१-५२ टक्के. दुआला प्रयोगशाळेत घालून अल्लाहची परीक्षा घेता येत नाही, हाच यातून घ्यायचा धडा.

नमाज पढूनही मन उठत नाही तेव्हा

आता त्या माणसाकडे येऊ या, जो पाचही वेळा मशिदीत असतो आणि तरीही आतून विझत चालला आहे. त्याला सर्वांत आधी एक गोष्ट कळली पाहिजे. त्याचे ईमान कमकुवत नाही. नैराश्य हा आजार आहे. त्यात मेंदूचे काम, अनुवंश, झोप, शरीरातील संप्रेरके आणि परिस्थिती अशी अनेक कारणे गुंतलेली असतात. साखरेच्या रुग्णाला आपण “नमाज कमी पडली” असे म्हणत नाही.

आपल्या धर्मात दुःखाला लाज नाही. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगाने इतके रडले की त्यांची दृष्टी गेली, असे आले आहे. ते अल्लाहचे नबी होते. हजरत खदीजा (रजि.) आणि अबू तालिब गेले, ते वर्ष प्रेषितांच्या (स.) चरित्रात दुःखाचे वर्ष म्हणूनच ओळखले जाते.

आजारी माणसाला “अल्लाह तुझ्यावर नाराज आहे” असे वाटू लागले, तर ते धोक्याचे चिन्ह समजावे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला आणि २००१ साली तो प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकले, तो आपल्याला शिक्षा करतो आहे, अशा विचारांशी झगडणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. श्रद्धा औषधासारखी उपयोगी पडते, तशी चुकीच्या शब्दांनी ती जखमही करते. म्हणून आपण कोणते शब्द वापरतो, याला महत्त्व आहे.

वर उल्लेखलेल्या बाळंतिणीचेच पाहा. बाळंतपणानंतर निफासच्या काळात शरीअतने तिला नमाज माफ केलेली आहे. जी नमाज तिच्यावर या दिवसांत नाहीच, तीच पढायला सांगून आपण तिला काय देतो? तिला हवी असते सलग चार तासांची झोप, बाळाला घेणारे दोन हात आणि रडणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टर. जिक्र आणि दुआ तिला या काळातही मोकळी आहेत. त्यांचा आधार तिने जरूर घ्यावा.

वसवसा

काही घरांत एखादी मुलगी वुजूला अर्धा तास लावते. हात धुतले की नाही, तकबीर नीट म्हटली की नाही, या शंकेने तीच नमाज चार वेळा पढते. लोक तिला परहेजगार म्हणतात, ती मात्र आतून छळ सोसत असते. हा बहुधा मंत्रचळ नावाचा आजार असतो. पुन्हा पुन्हा धुण्याने तो शमत नाही, वाढतो. त्यावर औषधे आहेत आणि शंका आली तरी कृती पुन्हा न करण्याचा सराव करून घेणारी उपचारपद्धतीही आहे. आपल्या उलेमांनीही अशा शंकेकडे लक्ष न देता पुढे जाण्याचाच सल्ला शतकानुशतके दिला आहे. येथे मौलाना आणि मानसोपचारतज्ज्ञ एकच गोष्ट सांगतात.

हे ज्ञान आपल्याला परके नाही. अबू झैद अल-बल्खी हे विद्वान इ. स. ८५० ते ९३४ या काळात होऊन गेले. शरीर आणि मन दोघांच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला. त्यात वसवशाचे, भीतीचे आणि उदासीचे वर्णन आहे. कारण असलेली उदासी आणि कारणाशिवाय शरीरातून येणारी उदासी, असा भेद त्यांनी अकराशे वर्षांपूर्वी केला आणि दुसरीला वैद्यकीय उपचार सांगितले.

दवाही, दुआही

प्रत्येक आजाराला अल्लाहने इलाज उतरवला आहे आणि उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. दमिश्कमध्ये ११५४ साली आणि कैरोमध्ये १२८४ साली उभ्या राहिलेल्या मोठ्या रुग्णालयांत मनोरुग्णांवरही उपचार होत. तरीही आज आपल्यातील कित्येक जण आधी दर्ग्यावर जातात, मग ताईत बांधतात, मग झाडफूक करतात आणि वर्ष-दोन वर्षांनी डॉक्टरांकडे पोहोचतात. तोवर आजार मुरलेला असतो.

दर्ग्यावर जाऊन बरे वाटत नाही, असे आम्ही म्हणत नाही. तामिळनाडूतील एका मंदिरात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास बंगळूरच्या निम्हान्सच्या डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केला. आधार देणारे, मारहाण नसलेले ते ठिकाण होते आणि तेथे त्यांची लक्षणे सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. आपुलकीत ताकद असते. पण त्याच राज्यात एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्यात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताच आले नाही.

त्यानंतर गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात चांगला प्रयोग सुरू झाला. दर्ग्याचे मुजावरच रुग्णाला सांगतात, दुआ घे आणि शेजारी बसलेल्या डॉक्टरांकडून दवाही घे. हा मार्ग आपल्या भागातील दर्ग्यांनाही घेता येईल. कायदाही हेच सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

घरात आणि मशिदीत काय करावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातला रस गेला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या आजारासाठी पुण्यात येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. प्रवास शक्य नसेल किंवा कोणी पाहील अशी भीती वाटत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती चोवीस तास असते आणि तेथे मराठीत बोलता येते.

नैराश्याची औषधे परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका आणि बरे वाटले म्हणून मनाने बंदही करू नका. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला बसतात का, ते ठरवून घ्या. विशेषतः लिथियम घेणाऱ्याने विचारल्याशिवाय रोजे धरू नयेत. पाणी कमी पडले की रक्तातील त्याचे प्रमाण घातक पातळीवर जाऊ शकते. आजाऱ्याला रोज्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती नाकारण्यात मोठेपणा नाही.

कोणी मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर “तौबा कर” म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. आपल्याकडे आत्महत्या हराम आहे, म्हणून तो विचार मनात आलेला माणूस सर्वांत जास्त लपवतो. त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार नव्याने मनात येत नाही, उलट ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला कायदा आता गुन्हेगार म्हणून नव्हे, तर तीव्र ताणाखाली असलेला माणूस म्हणून पाहतो. पोलिसांच्या धास्तीने उपचार लांबवू नका.

इमाम साहेबांना आमची एक विनंती आहे. लोक मनातले दुखणे आधी तुमच्याकडे आणतात. वर्षातून एका जुम्म्याचा बयान या विषयावर द्या आणि १४४१६ हा क्रमांक मशिदीच्या फलकावर, नमाजच्या वेळांच्या खाली लिहा. तुमच्या तोंडून “डॉक्टरांकडे जा” हे दोन शब्द निघाले, तर त्यांना जे वजन असेल ते कोणत्याही पत्रकाला येणार नाही.

नमाजने मिळणाऱ्या विसाव्याविषयी प्रेषित (स.) हजरत बिलाल (रजि.) यांच्याशी बोलत, तेव्हा नमाज त्यांच्यासाठी आरामाची जागा होती. आपल्या घरातील आजारी माणसासाठीही ती तशीच राहू द्या. उभे राहवत नसेल तर त्याने बसून पढावी, बसवत नसेल तर पडून. आणि पढून झाल्यावर गोळी घेण्यासाठी पाण्याचा ग्लास आपण त्याच्या हातात द्यावा.